आशाताईंचं काम, मोबदला आणि मनाचं समाधान: सातारा-सांगलीकडचे अनुभव सांगा

शिवारवाट

नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यातलं आमचं गाव, नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या थोरल्या जाऊबाई आशा आहेत, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावपातळीवरच्या आरोग्य स्वयंसेविका, अगदी सुरुवातीच्या बॅचमधल्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांचं काम बघतेय आणि गेली काही वर्षं मोबाईलवरची माहिती रात्री जेवणं झाल्यावर मीच भरून देते, कारण दिवसभर फिरून आल्यावर त्या बारीक अक्षरांकडं बघायची ताकद त्यांच्यात राहत नाही.

मागं एकदा त्या घरात सगळ्यांसमोर म्हणाल्या की आता सोडते हे काम. दीर म्हणाले सोड, सासूबाई म्हणाल्या सोड, मी पण हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला एका गरोदर बाईला घेऊन सोनोग्राफीला इस्लामपूरला गेल्या. म्हणाल्या तिची पहिली दोन वाया गेलीत, एवढं तिचं पार पडू दे. तिचं पार पडेपर्यंत आणखी चार जणींची नोंद झाली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधारण हजार लोकसंख्येमागं एक आशा. गरोदर बाईची पहिल्या तीन महिन्यांत नोंद, तपासण्या, लोहाच्या गोळ्या, दवाखान्यात न्यायचं, मग घरी आल्यावर बाळाच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. पुढं तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी परत भेट. लसीकरणाला बायका गोळा करणं, टीबीच्या पेशंटला गोळ्या घ्यायला लावणं, कुष्ठरोगाचा सर्वे, जंताच्या गोळ्या, पाण्याच्या टाकीतल्या अळ्या, तिशीच्या वरच्या सगळ्यांचे बीपी-शुगरचे फॉर्म, आयुष्मान कार्ड, आभा कार्ड, आणि वरून रोज ग्रुपवर येणारं "आज संध्याकाळी पाचपर्यंत माहिती द्या".

माझा प्रश्न सरळ आहे. या कामात समाधान मिळतं हे मी डोळ्यानं बघितलंय, आणि या कामानं बाई पिळून निघते हेही बघितलंय. नेमकं कशानं पिळून निघते? आशा, सिस्टर, सुपरवायझर, डॉक्टर, कुणीही असाल तर लिहा. ज्यांच्या घरी आशाताई येतात त्यांनी पण लिहा.

माणदेशी_लेक

ताई तुमचं वाचून माझंच कुणीतरी लिहिलंय असं वाटलं. मी माण तालुक्यात आशा आहे. आमच्याकडं गाव म्हंजी एका जागी न्हाई ओ, वाड्या आणि वस्त्या, या वस्तीवरनं त्या वस्तीवर जायचं तर उन्हातनं चालतच, एसटी फक्त मेन रस्त्याला. त्यात निम्मी घरं मेंढपाळांची. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघाली लोकं, बाळ कडेवर. दीड, अडीच अन साडेतीन महिन्याला डोस असत्यात, दुसरा झाला की बाळ गायब. मग मी त्यांना फोन लावून विचारते आत्ता वाडा (मेंढरांचा तळ) कुठं बसलाय, आणि तिकडची आशा शोधते, माझ्याकडं आता कुठकुठल्या आशांचे नंबर आहेत. एक डोस तिकडं दिला की तिचा फोन येतो, ताई झालं तुमच्या बाळाचं. असं कुणी म्हणलं की लई बरं वाटतं. ह्या फोनाफोनीचा एक रुपया कुठल्या कागदावर न्हाई.

आता पैशाचं. बाळंतपणाचं 300 आधीच्या तपासण्यांचं आणि 300 दवाखान्यात नेल्याचं. पण आपल्या राज्यात हे फक्त बाई दारिद्र्यरेषेखालची नायतर एससी एसटी असंल तरच. बाकीच्या बायकांना रात्री कळा आल्या तर फोन कुणाला येतो? मलाच. मी काय विचारू का, तुमचं कार्ड कुठल्या रंगाचं हाय?

बाळाच्या सहा भेटींचे मिळून 250. सहा भेटी, वजन, ताप, श्वास मोजायचा, नाळ बघायची, आईला अंगावर पाजायला शिकवायचं.

निवृत्त_सिस्टर

मी उपकेंद्राची सिस्टर म्हणून नोकरी केली, खटाव आणि नंतर पाटण तालुक्यात. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 ला सुरू झालं आणि त्यातून आशा आल्या. त्याच्या आधीचं मला विचारा. पाच-सहा गावं माझ्या एकटीकडं, कुणाच्या घरात कोण गरोदर आहे हे कळायलाच पाचवा-सहावा महिना लागायचा, कारण सासू सांगायची नाही. आशा आली आणि तिसऱ्या महिन्यात नोंद व्हायला लागली. का? कारण ती त्याच गल्लीतली. पाणवठ्यावर, किराणा दुकानात तिला आपोआप कळतं.

निवडीचा नियमच तसा आहे. बाई त्याच गावची रहिवासी पाहिजे, लग्न झालेली, विधवा किंवा घटस्फोटित, शक्यतो 25 ते 45 मधली. म्हणजे थोडक्यात गावची सून. सून असल्यामुळं तिला कुणाच्याही चुलीपर्यंत जाता येतं. पण मला ड्युटी संपल्यावर दार लावून घेता यायचं, माझी बदली व्हायची, मी रजा टाकायचे. तिला ते नाही. रात्री दोनला दारावर थाप पडली आणि ती उठली नाही तर उद्या सकाळी त्याच माणसांच्यात तिला वावरायचंय. शिवारवाट, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. कामाला सुरुवात आणि शेवट नाही, आणि तो नसणं तिच्या निवडीतच घालून ठेवलंय.

कराडकर_सध्या_पुणे

सगळ्यांचा आदर राखून विचारतो. 2024 ला चांगली वाढ झाली ना आशांना? 5000 ची वाढ वाचल्याचं आठवतं. आणि नियमानुसार हे पूर्णवेळ काम नाही, दिवसाचे दोन-तीन तास धरलेत. प्रायव्हेटमध्ये बारा तास राबून दहा हजार घेणाऱ्या मुली पण आहेत आपल्याकडं. मला खरंच समजून घ्यायचंय.

हिशोबाची_वही

दादा, विचारलंत ते बरं केलंत, कारण बऱ्याच जणांच्या डोक्यात हेच असतं. मी सांगलीत संघटनेचं कागदपत्रांचं काम बघतो.

ऑक्टोबर 2023 ला संप झाला. नोव्हेंबरमध्ये सरकारनं 7000 ची वाढ जाहीर केली. जीआर निघेना, म्हणून जानेवारी 2024 ला परत संप, फेब्रुवारीत बायका मुंबईला आझाद मैदानावर, उघड्यावर, लेकरं घरी ठेवून. मार्चमध्ये जीआर निघाला तो 5000 चा, लागू नोव्हेंबर 2023 पासून. वाढ झाली हे खरं आहे आणि त्यानं फरक पडला हेही खरं आहे, ते कुणी नाकारत नाही. केंद्राचे ठरलेल्या कामांचे महिन्याला 2000 असायचे, त्याचे 3500 करायचा निर्णय 2025 ला झाला. दहा वर्षं काम करून सोडणाऱ्या आशेला 20,000 मिळायचे, त्याचे 50,000 केले.

पण हे पैसे पगार नाहीत. कायद्यानं ती स्वयंसेविका आहे. पीएफ नाही, पेन्शन नाही, भरपगारी रजा नाही, आजारी पडली तर कामावर आधारित मोबदला तेवढा बुडतो. 2013 च्या भारतीय श्रम परिषदेत, 45 वी होती ती, योजनांवर काम करणाऱ्या बायकांना कामगार म्हणून मान्यता द्या, किमान वेतन द्या अशी शिफारस झालेली आहे. 2022 ला सुप्रीम कोर्टानं अंगणवाडी सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. आशांच्या बाबतीत तसा निकाल नाही.

दुसरं, पैसे एकदम येत नाहीत. केंद्राचा हिस्सा वेगळा, राज्याचा वेगळा, कामाप्रमाणे मिळणारा वेगळा. आशेनं क्लेम फॉर्म भरायचा, गटप्रवर्तकानं (आशांच्या सुपरवायझरनं) तपासायचा, पीएचसीतून (प्राथमिक आरोग्य केंद्रातून) तालुक्याला, मग खात्यावर. जे जमा होतं त्याच्यापुढं बँकेत नुसता आकडा दिसतो. कुठल्या महिन्याचं, कुठल्या कामाचं, काय कापलं, हे कळत नाही. माझ्याकडं पासबुकं घेऊन बायका येतात तेव्हा रकमेची तक्रार थोडी असते, "हे कशाचं हाय तेवढं सांगा" हे जास्त असतं. आणि दोन-तीन तासांचं म्हणाल तर वरच्या दोन ताईंचं परत वाचा आणि तुम्हीच तास मोजा.

कराडकर_सध्या_पुणे

वाचलं. दारिद्र्यरेषेचं आणि सहा भेटींना 250 हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद. माझ्या चुलत वहिनीच्या दोन्ही बाळंतपणात आशाताई सोबत होत्या, त्यांना त्याचं काही मिळालं नसणार हे आत्ता लक्षात आलं.

बोर_नदीकाठ

मी जत पूर्व भागात गटप्रवर्तक आहे, लोक सुपरवायझर म्हणतात. माझ्याकडं वीसेक आशा. आमच्याकडं निम्मी गावं कानडी बोलतात, फॉर्म मराठीत, ॲपमधले शब्द इंग्रजीत, आणि बाई सांगते कन्नडमधे. आशा मनातल्या मनात तीन भाषा फिरवून एक रकाना भरते.

आमच्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. आमचं मानधन मुळात भेटींवर आहे, केंद्राचा हिशोब महिन्याला 20 भेटी आणि भेटीला 300. पेट्रोल त्यातलंच, गाडी स्वतःची. आशांच्या सगळ्या रिपोर्टची बेरीज आम्ही करतो, आणि वरनं ओरडा पण आधी आम्हाला. मला आशेला रात्री फोन करून "ताई तुझा आकडा राहिलाय" म्हणावं लागतं तेव्हा तिच्या घरातलं भांडण मला फोनमधून ऐकू येतं. तिचा नवरा मागून म्हणत असतो ठेव तो फोन. मला त्याचा राग येत नाही कारण माझ्या घरी पण हेच असतं.

कामाचा कंटाळा येत नाही, एकच गोष्ट चार ठिकाणी लिहायचा येतो. गरोदर बाईची एक नोंद डायरीत, एक रजिस्टरमध्ये, एक ॲपमध्ये, आणि कुणीतरी परत एक्सेल मागतं. रेंज नसली की शेताच्या बांधावर जाऊन उभं राहायचं. एवढं एक कमी केलं तरी बायकांचा दिवसातला मोठा वेळ सुटेल, मोबदला वाढायचा तेव्हा वाढू दे.

डॉ_सह्याद्री

मी जावळी-महाबळेश्वर भागात मेडिकल ऑफिसर म्हणून काम केलंय. कोयनेच्या पाण्यापलीकडं कांदाटी खोरं, तिकडच्या काही गावांना जायचं तर लाँच, आणि पुढं डोंगर. पावसात लाँच बंद पडली की त्या गावातली आरोग्यव्यवस्था म्हणजे एक आशा आणि तिच्या पेटीतल्या गोळ्या.

बाळाच्या घरभेटींबद्दल थोडं सांगतो. ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून उभी केली. 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचा अभ्यास छापून आला, गावातल्या बाईनं घरात जाऊन काळजी घेतली तर नवजात बाळांचे मृत्यू खूप कमी होतात हे त्यात दिसलं. पुढं देशानं ती पद्धत आशांमार्फत घेतली. म्हणजे ती वजनाची झोळी आणि थर्मामीटर घेऊन फिरते ते सायन्स आहे, डॉक्टरच्या हाताखालचं हलकं काम नाही. मला पीएचसीत बसून तिसऱ्या दिवशी बाळ मलूल झालंय हे कधीच कळणार नव्हतं.

आता मला टोचणारी गोष्ट. योजना आली तेव्हाच्या अटींत त्या 250 साठी असं होतं की वजनाची नोंद, जन्मनोंद, लसी झालेल्या पाहिजेत आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघं सुखरूप पाहिजेत. बाळ गेलं तर आशा त्या घरी जास्त वेळा जाते, कमी नाही. आईचं दूध थांबवण्यापासून तिला रडू देण्यापर्यंत सगळं तीच बघते. त्या भेटी कशात धरायच्या? नुसता निकाल मोजून मोबदला ठरवला की जिथं सगळ्यात अवघड काम होतं तिथं हिशोब कोरा राहतो.

संपाच्या काळात आमच्याकडं ओपीडी चालूच होती, औषधं होती, मी होतो. टीबीच्या पेशंटचा पाठपुरावा मात्र विस्कळीत झाला. सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण करून घेतला की आशेला 1000 मिळतात. त्या सहा महिन्यांत तिनं किती वेळा त्या माणसाची दारू, उलट्या, बायकोची भांडणं सांभाळली ते मला माहितीय.

पलूसचा_संतोष

मी शेतकरी माणूस, आरोग्य खात्याशी संबंध नाही. 2019 च्या महापुरात आमच्या गावात पाणी चढायला लागलं तेव्हा आमच्या आशाताईंकडं वहीत यादी तयार होती. कुठल्या घरात दिवस भरत आलेली बाई, कोण अंथरुणाला खिळलेलं, कुणाला इन्सुलिन लागतं. नावेत आधी कुणाला घालायचं हे त्या वहीवरनं ठरलं. सरपंचाकडं पण ती माहिती नव्हती. त्यांचं स्वतःचं घर पाण्यात होतं तेव्हा. पूर ओसरल्यावर पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरच्या बाटल्या घेऊन दारोदार त्याच, चिखलात.

2020 ला कोरोना आला. सांगली जिल्ह्यात मार्चमध्येच इस्लामपूरची केस झाली आणि सगळा मुलूख घाबरला, लोकं दारं उघडत नव्हती. "माझे कुटुंब माझी जबाबदारी"ला त्या ऑक्सिमीटर घेऊन घरोघर. काही लोक त्यांना तोंडावर बोलले की तुमच्यामुळंच रोग घरात येईल. तीच माणसं दुसऱ्या लाटेत त्यांना फोन करून बेड विचारत होती. 2022 ला जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा सन्मान केला तेव्हा मी त्यांना पेढे नेऊन दिले. त्या म्हणाल्या, भाऊ कोरोनाचा भत्ता बंद झाला बघा.

उसपट्टा

कराडच्या खालच्या अंगाला आमची शेती. कारखाना सुरू झाला की बीडकडनं ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडतात. त्या बायका कुठल्याच आशेच्या हजारात नसतात खरं तर, तिकडच्या यादीत नाव, इथं पोट. आमच्या आशाताई तरी जातात. पहाटे चारला टोळी फडात जाते म्हणून त्या संध्याकाळी उशिरा कोपीवर जातात, शेकोटीजवळ बसून कार्ड बघतात, लस राहिली असेल तर मुकादमाला सांगून दुसऱ्या दिवशी बाईला थांबवतात. थांबली तर तिची मजुरी बुडते, म्हणून मुकादम कुरकुर करतो. एकदा मी पण मुकादमाशी बोललो होतो, तेव्हा ऐकलं त्यानं. शेतमालकांनी एवढं केलं तरी आशाताईंचा एक हेलपाटा वाचतो.

शिवारवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ॲपचं काम बाजूला ठेवून जाऊबाईंना सगळं वाचून दाखवलं. माणदेशी_लेक ताई, तुमच्या फोनाफोनीवर त्या एकदम म्हणाल्या, अगं हे मी पण करते!

सिस्टर तुमचं म्हणणं मला पटलं आणि त्यातच माझी खरी तक्रार आहे. गावच्या सुनेला लोकं हक्कानं बोलावतात, ती माया आहे आणि त्यातनंच तिला समाधान मिळतं, जाऊबाई गल्लीतनं जातात तेव्हा शाळेतली पोरं आशाकाकू म्हणून हात करतात, त्यातली कितीतरी त्यांनी झोळीत घालून वजन केलेली. पण त्या मायेच्या जोरावर सरकारनं तिला स्वयंसेविका म्हणावं हे मला मान्य नाही. समाधान तिला गावाकडनं मिळतंय, सरकारनं ते स्वतःच्या खात्यावर धरू नये. शिक्षकाला पण पोरं मोठी झाल्यावर पाया पडतात, म्हणून त्याचा पगार कुणी मानधन करत नाही.

हिशोबाची_वही दादा, त्या पासबुकाच्या नोंदींचं जाऊबाईंना पण विचारायचंय, काय करावं लागेल?

हिशोबाची_वही

वहिनी, क्लेम फॉर्म जमा करायच्या आधी त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायला सांगा, दर महिन्याला, तारखेसकट. जमा झालेली रक्कम आणि फॉर्म शेजारी ठेवले की काय आलं नाही ते दिसतं. मग पीएचसीत तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आमच्याकडं ज्या बायकांनी असं केलं त्यांचे अडकलेले पैसे काही प्रमाणात सुटले. आणि 2024 ला राज्यानं अपघाती मृत्यूला 10 लाख आणि कायमच्या अपंगत्वाला 5 लाख असा निर्णय घेतलाय, तो घरच्यांना माहीत असू द्या. ही माहिती घरात कुणालाच नसते.

तासगाव_द्राक्ष

थोडं वेगळं विचारतो. आमच्या वाडीची आशाची जागा रिकामी झालीय. माझ्या बहिणीचं नाव लोक सुचवतायत, बारावी झालीय, दोन लहान मुलं आहेत, नवरा द्राक्षबागेत. तिची खूप इच्छा आहे. वरचं वाचून मला कळेना हो म्हणू की नको.

माणदेशी_लेक

दादा, तिची इच्छा हाय ना, मग तुम्ही हो-नको म्हणायचा प्रश्नच न्हाई. नाव ग्रामसभेतनं जातं, त्या दिवशी तिला स्वतःला हजर राहू द्या. तुम्ही दाजींशी बोला. रात्रीच्या फोनाला गाडी कोण काढणार, ती बाळंतिणीसोबत दवाखान्यात थांबली तर पोरांना जेवायला कोण घालणार, हे आधी ठरवा. माझ्या घरात सासऱ्यांनी पहिल्या दिवसापासनं पोरं सांभाळली म्हणून मी टिकले. आणि ट्रेनिंगला गेली की तिथल्या बाकीच्या आशांचे नंबर घ्यायला सांगा, माझा पण देते, संपर्कातनं मेसेज करा.

बोर_नदीकाठ

आणि पहिल्याच महिन्यात सगळ्या घरांचा सर्वे नीट करायला सांगा, घाईत नको. तासगावात माझ्या ओळखीच्या गटप्रवर्तक आहेत, त्यांना तिच्याशी बोलायला सांगते.